चारशे सतराचा दात

"काजळ घरी पाडता, की विकतचं आणता?"

रूपालीला सकाळपासून हा प्रश्न चौथ्यांदा विचारला जात होता. दर वेळी विचारणारं खातं तेवढं बदलत होतं. आरोग्याचं झालं, महिला-बालविकासाचं झालं. कृषीच्या साहेबांचा काजळाशी काय संबंध, हे त्यांचं त्यांना ठाऊक, पण सगळ्यांनी विचारलं म्हणून त्यांनीही विचारून घेतलं. आता प्रदूषण खात्याचा तरुण तंत्रज्ञ मांडीवर वही उघडून बसला होता.

"काजय लावतच नही, साहेब," रूपाली म्हणाली. "हेमराज लहान व्हता तवय बी नही."

ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. पाचवा महिना सरत आला होता, त्यामुळे तिला नीट वाकताही येत नव्हतं आणि या सगळ्यांसमोर पाय पसरून बसवतही नव्हतं. तिचा नवरा अभिमन खांद्यावरचा टॉवेल काढून हातात पिळत उभा होता. अंगणात चार जीपा लागल्या होत्या आणि कुंपणापलीकडे अर्ध्या गावच्या बायका.

"रूपालीताई, घाबरू नका," डॉक्टर दिपमाला म्हणाल्या. धुळ्याहून या प्रकल्पाचं काम त्याच बघत. आवाज कधी न चढवणारी बाई. "तुमची चूक शोधायला आम्ही आलेलो नाही. हेमराजच्या पडलेल्या दातात शिसं सापडलंय, आणि ते बरंच जास्त आहे. रक्त आजचं सांगतं, दात जुनं सांगतो. तो पोटात असताना किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत हे कुठून गेलं, एवढंच बघायचंय."

चूक शोधायला आलो नाही म्हणणारी माणसं चार जीपा घेऊन आली की गावाला काय कळायचं ते बरोबर कळतं. घरातल्या म्हातारीलाही ते कळलं. सुगंधाबाई, अभिमनची आई, इतका वेळ दारात गप्प बसून होती. ती एकदम उसळली.

"माती खाये ती! हाऊ पोऱ्या पोटमा व्हता तवय भितडानी माती खाये. मी मना डोयाघाई देखेल शे!"

चारही खाती एकदम लिहू लागली.

रूपालीनं साहेबांकडे नाही, ओट्याच्या कडेला उभ्या असलेल्या, प्रकल्पासाठी घरोघर फिरणाऱ्या कुंदाबाईकडे पाहिलं. "एक-दोनदा खादी व्हती, अक्का," ती हळूच म्हणाली. "डोहाळा लागेल व्हता."

"आजपाईन सैपाकले हात लावू नको," सुगंधाबाईनं फर्मान काढलं. "पोऱ्या मनाजोडे झोपी. आन् आते पोटमा जो शे, त्याले बी असंच इख पाजशी का?"

कुंदाबाईच्या काखेत रजिस्टर होतं. ते घसरत होतं आणि ती ते पुन्हा पुन्हा वर ओढत होती. चार खात्यांनी मिळून काढलेलं हे संशोधन आठ वर्षांपासून चालू होतं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली एक हजार मुलं, आईच्या पोटात असल्यापासून ती अठरा वर्षांची होईपर्यंत. काय खातात, काय पितात, फवारणीच्या दिवसांत कुठे असतात, किती वाढतात. एका खात्याच्यानं हे झालं नसतं म्हणून चार खाती एकत्र आली. आता चार खाती एकत्र आली म्हणजे चार जीपा, चार शिक्के आणि त्या सगळ्यांच्या पुढे पायी चालणारी एक कुंदाबाई. एरंडोलच्या आसपासची बासष्ट मुलं तिची होती. आडखेड्याच्या हेमराजचा नंबर चारशे सतरा.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या चौदा रेघा होत्या. दर सहा महिन्यांनी उंची मोजून रजिस्टरात लिहिली की कुंदाबाई चौकटीवरही एक रेघ मारून द्यायची. असं करायचं कुठल्याही परिपत्रकात नव्हतं, पण हेमराजला आवडायचं. तिची चाहूल लागली की तो धावत येऊन टाचा जोडून चौकटीला पाठ लावायचा.

तंत्रज्ञ उठला आणि रंगाचा नमुना घ्यायला त्याच चौकटीवर पातं चालवू लागला.

"मनी रेघ!" हेमराज ओरडला.

"नवी मारून देतील हां मावशी," तंत्रज्ञ म्हणाला. तीन रेघा खरवडून पिशवीत गेल्या. मग त्यानं कुंदाबाईकडे बघितलं. "ताई, प्रश्न एकतीस तेवढा तुमच्या रजिस्टरातून सांगा. घराच्या आवारात भंगार, रंगकाम, जुन्या बॅटऱ्या फोडणं?"

कुंदाबाईनं पान उघडलं. आठ वर्षांची उत्तरं एकाखाली एक होती. "नाही," तिनं वाचलं. "नाही, नाही, नाही." आणि तिचं बोट पानावर थांबलं. हा प्रश्न तिनं बासष्ट घरांत मिळून हजारदा विचारला असेल. तिच्या स्वतःच्या घरी तो कुणी कधी विचारला नव्हता.

परवा निकाल आल्यापासून ती एकाच गोष्टीला भीत होती, की आपलं बिंग फुटणार. त्या भीतीत तिनं साधा हिशेब केलाच नव्हता, की शिसं दातात सापडलंय, आणि तो दात हेमराजचा नाही.

तो दात तिच्या नातीचा होता.

*

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. प्रत्येक मुलाचा पहिला पडलेला दुधाचा दात कागदी पाकिटात घालून, वर नंबर टाकून धुळ्याला पोचवायचा, आणि तिथून सगळे दात तपासायला हैदराबादला जायचे. कुंदाबाईची एकसष्ट पाकिटं झाली होती. राहिला होता चारशे सतरा. "दात पडना की डबीमा ठेव, माय," असं तिनं रूपालीला दहादा बजावलं होतं. पण दात पडला तेव्हा रूपाली कापूस वेचायला गेली होती आणि घरी सुगंधाबाई होती. सुगंधाबाईनं तिच्या आजेसासूनं केलं होतं तेच केलं. दात शेणाच्या गोळीत घातला, उंदीरमामाला हाक मारून सांगितलं की हा घे आणि तुझा दे, आणि गोळी कौलावर भिरकावून दिली.

चौपन्न वर्षांची कुंदाबाई शिडी लावून कौलांवर चढली. खाली अभिमननं शिडी धरली होती. तासभर शोधून हाताला वाळलेलं शेण आणि चिमण्यांची विष्ठा लागली. दात काही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी पाकिटं रवाना व्हायची होती. संध्याकाळी धुळ्याहून फोन आला. "एरंडोल शंभर टक्के ना, ताई? जिल्ह्यात तुमचं एकटीचंच पूर्ण होतंय. कार्यक्रमात प्रमाणपत्र द्यायचं ठरलंय."

"हो साहेब," ती म्हणून गेली.

तक्त्यात 'नमुना मिळाला नाही' असा एक चौकोन होता. त्यात खूण करायची मुभा होती, कुणी रागावलं नसतं. पण आठ वर्षांत कुंदाबाईनं त्या चौकोनाला पेन लावलं नव्हतं. अंजनी नदीला पूर आला तर पूल फिरून गेली होती. एक कुटुंब सुरतेला गेलं तर स्वतःच्या सुट्टीत सुरतेला जाऊन पोराचं वजन करून आली होती. माणसाला कशाचा ना कशाचा गर्व असतो, तिला त्या कोऱ्या चौकोनांचा होता.

घरी देवळीत हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत मोनालीचा दात होता. मोनाली तिच्या मुलाची, हितेंद्रची मुलगी. हेमराजच्याच वयाची, दातही तोच, खालचा पुढचा. सून कामिनीचं माहेर धुळ्यातल्या देवपूरचं, पहिलं बाळंतपण तिकडे झालं, म्हणून मोनाली प्रकल्पाच्या यादीत आली नव्हती. रविवारी बापाच्या हातून कौलावर टाकायचा म्हणून तो दात ठेवला होता.

दातासारखा दात, असं कुंदाबाई मनाशी म्हणाली, आणि तिनं पाकिटावर चारशे सतरा लिहिलं.

कामिनीला सांगितलं, मीच टाकला कौलावर. सुगंधाबाईला सांगितलं, पन्हाळीत सापडला. सुगंधाबाईला ते मुळीच आवडलं नाही. उंदरानं दात नाकारला म्हणजे अपशकुनच की. पुढे हेमराजचा नवा दात तिरपा आला तेव्हा म्हातारीनं तो कुंदाबाईच्याच माथी मारला.

*

पाच वाजता कुंदाबाई एरंडोलला घरी पोचली तेव्हा मागच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटलेली होती. हितेंद्र हायवेवरच्या बॅटरीच्या दुकानात कामाला होता. मेलेल्या बॅटऱ्या तो घरी आणायचा, फोडून आतल्या शिशाच्या पाट्या काढायचा, कढईत वितळवून लाद्या पाडायचा. लग्नाच्या आधीपासून हे चालू होतं. त्या अंगणातली माती राखाडी झाली होती आणि त्या मातीत मोनाली रांगली होती, चालायला शिकली होती, बॅटरीच्या पाट्यांची भांडी करून भातुकली खेळली होती.

आताही ती तिथेच उकिडवी बसून काडीनं चित्र काढत होती. काटकुळे हात, डोळ्यांखाली काळं. गेलं वर्षभर तिचं पोट दुखायचं. पाढे पाठ व्हायचे आणि दोन दिवसांत विसरायचे. "जंत असतील," असं कुंदाबाईनंच सांगितलं होतं आणि दोनदा गोळ्याही दिल्या होत्या. दुसऱ्यांच्या पोरांचं वजन दहा ग्रॅमनं उतरलं तर रात्रभर तळमळणारी बाई!

तिनं पोरीला उचललं, न्हाणीत नेलं आणि साबणानं तिचे हात घासायला सुरुवात केली. नखांत काडी घालून माती काढली. पोरगी रडायला लागली तरी ती थांबेना.

"माय, काय व्हयनं?" हितेंद्र आत आला.

"ती चूल इझाय."

"आते तर पेटाडी..."

"इझाय म्हंतस ना!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.

हितेंद्रनं चुलीत पाणी ओतलं. ओल्या राखेचा वास घरभर पसरला. कुंदाबाईनं मोनालीला पुढच्या खोलीत बसवलं आणि जे होतं ते सांगितलं. शिशाचं सांगितलं, आडखेड्याच्या चार जीपांचं सांगितलं, रूपालीच्या सासूचं सांगितलं. हितेंद्र ऐकत होता आणि हात पँटला पुसत होता.

"मंग ते त्या पोऱ्यानं शे ना," तो म्हणाला. "तू कसाले इतली घाबरस? मी सोता हाई काम करस, माले काय व्हयनं?"

"तो दात त्याना नही शे. मोनालीना शे."

कामिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पिठाचे होते. ती देवपुरात वाढलेली, बोलणं शहरी, आणि सासूशी आजवर कधी वर तोंड करून बोललेली नव्हती.

"आई, तो दात तुम्ही कौलावर टाकला म्हणाला होतात," ती म्हणाली.

कामिनी पोरीजवळ जाऊन बसली. तिचे ओले हात उलटेपालटे करून बघू लागली, जणू शिसं वरून दिसणार होतं.

मग हितेंद्रनं खालच्या आवाजात तोड काढली. सकाळी मोनालीला धुळ्याला न्यायचं, खाजगी डॉक्टरला दाखवायचं. चूल कायमची बंद. "पन कोनले सांगानी काय गरज शे? त्या पोऱ्यानं रगत चांगलं निघी, ती बाई आपोआप सुटी. तू सांगं तर तुनं आठ वरीसनं काम पानीमा जाई, माय."

ते खरंच होतं. समोर भिंतीवर प्रमाणपत्र लटकत होतं: शंभर टक्के पाठपुरावा. एक दात खोटा निघाला की उरलेले एकसष्ट खरे कोण धरणार? आणि नुसते दात नाहीत. आठ वर्षांची वजनं, उंच्या, तिनं उन्हात पावसात जाऊन विचारलेला प्रत्येक प्रश्न. लोक म्हणणार, हिनं घरी बसूनच भरले असतील. कुंदाबाईला हितेंद्रचं म्हणणं पटावंसं वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं.

"डॉक्टर विचारतील, शिसं तपासायचं तुम्हाला कुणी सांगितलं," कामिनी म्हणाली. ती उठून पिशवीत मोनालीचे कपडे भरत होती. "मग मी काय सांगू? मी खोटं सांगणार नाही. आणि ती बाई पाचव्या महिन्याची आहे ना?"

कुंदाबाईनं मान हलवली.

"माझ्या वेळी मला कुणी स्वयंपाकघरातून बाहेर काढलं असतं तर?" कामिनीनं पिशवीची चेन ओढली. "पहिली गाडी किती वाजता असते?"

*

देवपुरातल्या कार्यालयात अकराला संयुक्त आढावा बैठक होती. आजच्या बैठकीत चारशे सतराचा अहवाल मुंबईला पाठवायचा होता, आणि पाऊण तास चर्चा कशावर, तर तो कुणाच्या लेटरहेडवर जावा यावर. दोन साहेबांनी आपापलं लेटरहेड बरोबरच आणलं होतं. कुंदाबाई भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली होती. रजिस्टर मांडीवर होतं. बाहेरच्या बाकावर कामिनी मोनालीला घेऊन बसली होती.

शेवटी चारी शिक्के एकाच कागदावर मारायचं ठरलं आणि कृषीच्या साहेबांनी मसुदा वाचायला घेतला. "पाणी, माती व रंगाचे निष्कर्ष प्रतीक्षेत. तथापि कुटुंबाच्या जबाबावरून संभाव्य स्रोत: गरोदरपणात मातेने माती खाणे. सदर महिला सध्या पुन्हा गरोदर असल्याने..."

"साहेब," कुंदाबाई म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. ती उभी राहिली. तिनं खुर्चीची पाठ धरली.

"चारशे सतराचा दात त्याचा नाही."

वाचन थांबलं. डॉक्टर दिपमालांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"हेमराजचा दात मिळालाच नव्हता. मी दुसरा घातला."

"कुणाचा?"

"माझ्या नातीचा. बाहेर बसलीय."

एका साहेबांनी "अहो, काय बोलताय काय तुम्ही!" म्हणून टेबलावर हात आपटला. दुसऱ्यांनी आपलं लेटरहेड हळूच परत पिशवीत सरकवलं. डॉक्टर दिपमाला मात्र कुणाशी काही न बोलता उठल्या आणि दार उघडून बाहेर गेल्या.

कुंदाबाईला उघड्या दारातून दिसत होतं. डॉक्टर बाकासमोर खाली उकिडव्या बसल्या होत्या, मोनालीच्या पापण्या खाली ओढून बघत होत्या, हिरड्या बघत होत्या. पोट दुखतं का, कधीपासून, शाळेत काय शिकवतात. कामिनी उत्तरं देत होती. मध्येच अंगणातल्या बॅटऱ्यांचं तिनं सांगितलं असावं, कारण डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले.

आत आल्यावर त्या कुंदाबाईसमोर उभ्या राहिल्या. "आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्यायचं. मी फोन केलाय. आणि ते आवार आजपासून बंद, ती त्या घरात परत जायची नाही. देवपुरात तिची आजी आहे म्हणे, तिथे राहू दे. वेळेत कळलंय असं समजू या." मग आवाज आणखी खाली आला. "रजिस्टर द्या, ताई."

कुंदाबाईनं रजिस्टर दिलं. दोन्ही हातांनी दिलं.

"बाकीचे एकसष्ट खरे आहेत, मॅडम. वजनं, उंच्या, सगळं. एक आकडा घरी बसून भरलेला नाही. पोरांच्या आयांना विचारा."

"मला माहीत आहे," डॉक्टर दिपमाला म्हणाल्या. "पण मला माहीत असण्याला इथे किंमत नाही." त्यांनी यादी पुढे ओढली आणि एरंडोलच्या बासष्ट नंबरांवर, वरपासून खालपर्यंत, एक उभी रेघ मारली. रेघ सरळ होती. आठ वर्षं एका रेघेखाली गेली.

"रूपालीला कधी कळवणार?" कुंदाबाईनं विचारलं.

"पत्र जाईल. चारी खात्यांच्या सह्या लागतील. महिना तरी."

"महिना?"

बैठक पुढच्या विषयाकडे वळली. कुंदाबाई सिव्हिलच्या दारापर्यंत सून आणि नातीबरोबर गेली. तिथे हितेंद्र उभा होता, मागच्या बसनं आलेला. हात कोपरापर्यंत घासून लाल केलेले होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. मोनालीला त्यानं त्या हातांनी उचललं नाही. कामिनीच्या मागे मागे आत गेला.

कुंदाबाईनं एरंडोलची गाडी धरली.

*

आडखेड्याला ती उतरली तेव्हा उन्हं कलली होती. आज चार जीपा नव्हत्या, तरी कुंपणापलीकडच्या बायका हातातली कामं टाकून बघू लागल्या. रूपाली ओट्याच्या टोकाला एकटी बसून शेंगा निवडत होती. तिनं निवडलेल्या शेंगा घरच्यांत मिसळू नयेत म्हणून टोपल्याला सुगंधाबाईनं वेगळं फडकं झाकलं होतं. चूल अभिमन पेटवत होता. त्याला ती धड पेटवताही येत नव्हती, घरभर धूर झाला होता.

कुंदाबाई ओट्यावर चढली नाही. अंगणातच उभी राहिली आणि कुंपणापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"सुगंधाअक्का, तुमना पोऱ्याना दातमा काही नही शे. तो दात त्याना नव्हताच. माले पन्हायमा काही सापडं नव्हतं, मी खोटं बोलनू. मनी नातना दात मी पाकिटमा घाला. इख मना घरमा व्हतं. रूपालीनी काही चूक नही."

अभिमन फुंकणी हातात घेऊन दारात आला. रूपालीच्या हातातली शेंग तशीच राहिली. कुंदाबाई शिव्यांची वाट बघत होती. तिला त्या हव्या होत्या.

सुगंधाबाई जागची उठली. दोन पायऱ्या उतरून पुढे आली. तिनं आधी कुंदाबाईकडे पाहिलं, मग मान वर करून कौलांकडे.

"म्हंजे आमना पोऱ्याना दात कौलवरच शे?"

"हा, अक्का. तठेच शे."

"उंदीरमामानी दात घी लिन्हा म्हन." म्हातारीचा चेहरा एकदम सैल पडला. पदरानं तोंड पुसत ती माघारी वळली, ओट्याच्या टोकाशी गेली आणि शेंगांच्या टोपल्यावरचं फडकं उचलून खांद्यावर टाकलं. सुनेशी एक शब्द बोलली नाही. टोपलं उचलून तिच्यासमोरून आत चुलीपाशी नेऊन ठेवलं.

रूपाली उठली. उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आत जाता जाता ती कुंदाबाईजवळ थांबली. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो असायलाच हवा होता.

"आठ वरीस तुमले अक्का म्हंतस मी," ती म्हणाली. "काल रातले मना पोऱ्या मनापाईन दूर झोपना."

कुंदाबाईनं मान खाली घातली.

"तुमनी नात कशी शे?" रूपालीनं विचारलं.

"दवाखानामा शे."

रूपाली वळली. आत गेली. थोड्या वेळानं धूर कमी झाला.

कुंदाबाई जायला वळली, तेवढ्यात शाळेतून हेमराज आला. दप्तर ओट्यावर फेकून त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि सवयीनं धावत जाऊन दाराच्या चौकटीला पाठ लावली. टाचा जोडल्या, हनुवटी सरळ, श्वास रोखलेला. डोक्यामागे खरवडलेलं लाकूड पांढरं दिसत होतं.

"मोजा ना," तो म्हणाला.

तिच्याकडे टेप नव्हती. रजिस्टर नव्हतं. पिशवीत पेन्सिलसुद्धा नव्हती. ते सगळं सकाळी टेबलावर राहिलं होतं.

"आते मी मोजत नही, भाऊ. दुसरी बाई येई."

हेमराज हलला नाही. श्वास रोखून तसाच उभा राहिला. कुंदाबाईला पायरी चढवेना आणि निघवेना.

आतून रूपाली आली. तिच्या हातात हेमराजच्या कंपासमधली, चावून चावून बोथट झालेली पेन्सिल होती. ती तिनं कुंदाबाईपुढे धरली.

कुंदाबाई ओट्यावर चढली. मुलाच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला, केस दाबले आणि खरवडलेल्या लाकडावर एक रेघ मारली. मग पेन्सिल रूपालीला परत दिली आणि पाच वाजताची गाडी धरायला निघाली.